आधी कान लाव, मग पैसे मोज

अरे, तू पाठवलेली यादी पाहिली. पोरीसाठी तानपुरा आणि पेटी, धाकट्यासाठी तबला-डग्गा, आणि तुझ्या स्वतःच्या रेकॉर्डिंगसाठी माइक, इंटरफेस, हेडफोन, स्टँड. सगळं एकाच ॲपवर, एकाच कार्टमध्ये, आणि वर ‘आत्या, आज रात्री बारापर्यंतच सेल आहे’ ही घाई. माझं ऐकशील तर त्यातल्या निम्म्या वस्तू बिनधास्त मागव. उरलेल्या निम्म्या हात लावल्याशिवाय घेऊ नकोस.

का ते सांगते. शुअर कंपनीचा एसएम५८ हा गाण्याचा माइक १९६६ सालापासून बनतोय. तो पुण्यात घे, गोव्यात घे, नाहीतर घरबसल्या मागव. खरा असेल तर एका नगाचा आवाज दुसऱ्या नगासारखाच येणार, कारण तो सारखा यावा म्हणूनच कारखाना उभा आहे. तानपुऱ्याचं तसं नाही. एकाच कारागिरानं एकाच महिन्यात केलेले दोन तानपुरे शेजारी ठेवून छेड, दोन वेगळ्या गळ्यांचे निघतील. भोपळा वेगळा, तबलीचं लाकूड वेगळं, जवारी वेगळी. म्हणून माझ्या गुरूंनी मला सांगितलं ते तुला सांगते: नगागणिक जी वस्तू सारखी, ती जिथे स्वस्त आणि खात्रीची मिळेल तिथून घ्यावी, नगागणिक जी बदलते, ती आपल्या कानानं निवडावी. तुझ्या यादीवर ही एक रेघ मार. माइक, इंटरफेस, केबल, स्टँड, हेडफोन एका बाजूला. तानपुरा, पेटी, तबला दुसऱ्या बाजूला. गिटार असती तर ती मधे कुठेतरी पडली असती, तिच्याबद्दल पुढे बोलते.

आता तानपुऱ्यापासून सुरू करू. पोरगी नऊ वर्षांची आहे. तिला आत्ता तानपुरा घेऊच नकोस. तिची पट्टी अजून ठरलेली नाही. आज ती काळी पाचला आरामात गाते, चार वर्षांनी तिचा षड्ज कुठे बसेल हे तिच्या बाईंनाही सांगता यायचं नाही. तानपुऱ्याची लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची जाडी हे सगळं पट्टी धरून ठरलेलं असतं. बायकांचा तानपुरा साधारण पांढरी पाच ते काळी पाच या टापूत खुलतो, पुरुषांचा पांढरी एक, काळी एक, पांढरी दोनच्या आसपास. मोठ्या तानपुऱ्याच्या तारा ताणून वर न्यायच्या किंवा लहान तानपुरा ढिला करून खाली आणायचा, हे दोन्ही उद्योग वाद्यावर अन्याय करणारे आहेत. तोवर फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पुरे. तो मात्र ऑनलाइन घे, काही बिघडत नाही. बंगळुरूच्या राडेलसारख्या कंपन्या ही यंत्रं किती वर्षं करताहेत, वॉरंटी मिळते. फक्त फोनच्या पिटुकल्या स्पीकरवर ॲप लावून तिला रियाजाला बसवू नकोस. खर्ज त्यातून ऐकूच येत नाही आणि मुलं अर्ध्या सुरावर गायला शिकतात. बरा स्पीकर जोडून दे.

तानपुरा घ्यायची वेळ येईल तेव्हा मिरजेला ये. मी सांगलीत आहे म्हणून सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसांनी तिथे तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथे राहिले, गायले, आणि १९३७ साली गेले तेही मिरजेच्याच मातीत विसावले. अशा कानांच्या माणसांसमोर वाद्य ठेवून दाद मिळवायची तर कारागिराला कान तयार करावेच लागले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे ‘मिरज तानपुरा’ असं नुसतं जाहिरातीत लिहिणाऱ्यांना थोडा चाप बसेल, अशी मला आशा आहे. कारण ऑनलाइन बाजारात मिरजेचं नाव कुठल्याही तानपुऱ्याला चिकटवलेलं मी पाहिलं आहे.

तिथे गेल्यावर काय बघायचं? आधी डोळ्यांनी. दांडीच्या टोकाशी डोळा लावून सरळ रेषेत पाहा, बाक आला आहे का. भोपळा आणि दांडी जिथे मिळतात तो सांधा बोटानं चाचप. भोपळ्यावर बोटाच्या पेरानं हलकेच ठोक. सगळीकडून एकसारखा, भरीव आवाज यायला हवा. कुठे फुटका आवाज आला तर वरची नक्षी कितीही देखणी असो, ती नक्षी चीर झाकायला आहे असं समज. हा भोपळा पंढरपूरकडचा, सोलापूर जिल्ह्यातला. खास वाद्यासाठी पिकवतात, वाळवतात. पूर्ण वाळायच्या आत वापरला तर दोन उन्हाळ्यांत सांधा बोलायला लागतो. मग तबली पाहा. घोडीखाली ती खचलेली नको. खुंट्या फिरवून बघ, जिथे सोडशील तिथे थांबल्या पाहिजेत.

आणि मग कान. एकेक तार एकटी छेड. सोडल्यावर तिची आस किती वेळ राहते ते ऐक. चारही तारांची जवारी एकसारखी उघडी आहे का ते ऐक. बहुतेक वेळा खर्जाची पितळी तार बंद निघते. इथे घाई करू नकोस, कारागिराला सांग, ‘खर्जाची जवारी जरा बंद वाटते.’ आणि मग तो काय करतो ते शांत बसून बघ. तो तार बाजूला सारतो, घोडीच्या माथ्यावरून बारीक कानस दोन वेळा, अगदी अलगद, फिरवतो, फुंकर मारतो, तार जागेवर ठेवतो आणि छेडतो. मान हलवतो. पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानस. केसाइतकं हाड किंवा लाकूड जातं तेवढंच. मग तारेखालचा सुताचा दोरा नखानं पुढे सरकवतो. एका जागी आल्यावर तार एकदम उघडते आणि तिच्यातून गांधार बोलायला लागतो. ते ऐकलंस की तुला कळेल, आपण पैसे कशाचे देतोय. हे काम तुझ्या पोरीच्या पट्टीला, तिच्या समोर बसून होतं. खोक्यात बंद करून ते पाठवता येत नाही. जवारी काही कायमची नसते, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढावी लागते. म्हणून ज्याच्याकडून तानपुरा घेतला त्याच्याशी नातं ठेवावं लागतं. फोन नंबर लिहून घे, आणि तारांचे दोन जादा संच त्याच्याकडूनच घे. कोणत्या पट्टीला कितीची तार हे त्याला माहीत असतं.

पेटीकडे वळते. पोरीला आत्ता लागणारी वस्तू हीच आहे, आणि तुझ्या कार्टमध्ये सगळ्यात चुकीची निवडही हीच आहे. तू स्केल चेंजर निवडलीस, कारण त्यावर तारे जास्त आहेत. स्केल चेंजर साथ करणाऱ्याला लागते; आज काळी एकच्या गायकाबरोबर, उद्या काळी पाचच्या बाईंबरोबर बसायचं असतं, बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सूर सरकवायचा असतो. शिकणाऱ्या मुलीला आपली पट्टी कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे. शिवाय त्या यंत्रणेत सरकणारे भाग जास्त, वजन जास्त, बिघाडाच्या जागा जास्त. आमच्या ओळखीतल्या एका शिकणाऱ्या मुलाच्या वडिलांना एका दुकानदारानं अशीच नऊ स्केलची भारी पेटी गळ्यात मारली. ती उचलून क्लासला न्यायला दोन माणसं लागत. तेव्हा दुकानात गेलं म्हणजे शहाणपण आपोआप मिळतं असंही समजू नकोस. तिला साधी, दोन सुरांची, खर्ज आणि नर असलेली, सव्वातीन किंवा साडेतीन सप्तकांची पेटी घे.

पेटी कशी तपासायची ते नीट लक्षात ठेव, कारण हे ऑनलाइन आलेल्या पेटीवरही पहिल्या दिवशी करून बघता येतं. पुढची सगळी बटणं आत ढकल. भाता चार-पाच वेळा मारून पूर्ण भर आणि हात सोड. आतली हवा हळूहळू उतरली पाहिजे. झटकन बसली तर भाता किंवा पेटीचा तळ गळतोय. आता सगळी बटणं बाहेर ओढ, पुन्हा भाता मार, पण एकही पट्टी दाबू नकोस. कुठून बारीक सूं आवाज किंवा एखादा सूर हळूच वाजत असेल तर एखादी पट्टी बसत नाहीये. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, अगदी हलक्या भात्यावर, दाब. चांगला सूर कमी हवेत बोलतो. जो सूर जोर दिल्याशिवाय बोलत नाही, तो पुढे लहान मुलीला छळणार. शेवटी खर्ज आणि नर एकत्र ठेवून मधल्या सप्तकाचा षड्ज धर. आवाज लाटेसारखा हलत असेल तर दोन सूर जुळलेले नाहीत. फोनवर ट्यूनर असतो, तोही लाव. मात्र ट्यूनर फक्त एकेका सुराचं बघतो, दोन सुरांचं एकमेकांशी कसं जमतं ते कानालाच कळतं.

आता सूर जुळलेला नसेल तर काय? पेटीतला सूर म्हणजे पितळेची बारीक पट्टी. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. म्हणजे प्रत्येक वेळी धातू कमी होतो. म्हणून कोणाही ‘येतो मला’ म्हणणाऱ्याच्या हाती पेटी देऊ नये आणि वरचेवर लावूनही घेऊ नये. जाहिरातीत ‘जर्मन सूर’ असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नकोस. जुने जर्मन सूर फार उत्तम असत हे खरं, पण आज बहुतेक पेट्यांत गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर असतात आणि त्यातलेही चांगले सूर चांगलेच असतात. पेटी उघडून जाणकारानं पाहिल्याशिवाय जर्मन की पालिताणा हे फोटोवरून कोणालाच सांगता येत नाही. दुकानदाराला सांग, वरचं झाकण काढून दाखवा. चांगला दुकानदार आनंदानं दाखवतो. लाकूड सागवानी असेल तर बरं, आणि मुरलेलं असेल तर फारच बरं. उत्तरेच्या कोरड्या हवेत बनलेली पेटी मुंबईच्या किंवा कोकणच्या पहिल्या पावसाळ्यात फुगते, पट्ट्या अडकतात. तिथला स्थानिक कारागीर हे धरूनच पेटी बसवतो. मुंबईत दादरला हरिभाऊ विश्वनाथांचं दुकान १९२५ पासून आहे. अशा दुकानांनी चार पिढ्यांच्या पेट्या पावसाळ्यातून जाताना पाहिलेल्या असतात. पुढे पोरगी ख्याल गायला लागली की तिच्या पट्टीला धरून गांधार ट्यूनिंगनं पेटी लावून घेता येईल. त्या कामाला माणूस आणि कान लागतो, आणि तो माणूस आधीपासून ओळखीचा असलेला बरा.

धाकट्याचा तबला. ॲपवर दिसणाऱ्या तबल्याच्या सेटमध्ये हातोडी, चुंबळी, खोळ, पावडर, वर एक पुस्तक असं सगळं असतं आणि एक गोष्ट लिहिलेली नसते: तबला कोणत्या पट्टीचा आहे. तबल्याचं तोंड लहान तसा सूर चढा, मोठं तसा सूर खालचा. काळी एकला वाजवायचा तबला साधारण सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा असतो. त्याला ठोकून एखाद-दुसऱ्या सुरापलीकडे नेता येत नाही. ओढून-ताणून नेलास तर पुडी फाटते किंवा वाद्या तुटतात. त्यामुळे आधी त्याच्या गुरुजींना विचार, क्लासमध्ये कोणत्या पट्टीला वाजवतात. मग दुकानात जा. तबला गजऱ्याच्या कडेकडेनं फिरवत प्रत्येक गठ्ठ्यासमोर चाटेवर एकेक बोट मार. सगळ्या घरांतून एकच सूर आला पाहिजे. शाईवरून बोट फिरव. ती एकसंध, बारीक आणि घट्ट बसलेली हवी, भेगाळलेली किंवा भुकटी सुटणारी नको. खोड हातात घेऊन तोल. शिसवी खोड जड आणि घट्ट असतं. हलकं लागलं तर विचार लाकूड कोणतं. डग्गा तांब्याचा घे, पत्रा जाड असेल असा. नुसत्या चकाकीवर जाऊ नकोस. चकाकी मुलाम्याची असते, खालचा पत्रा तांब्याचा, पितळेचा की लोखंडाचा, ते विचारून बिलावर लिहून घे.

आमच्या क्लासमधल्या एका मुलाला त्याच्या मामानं प्रेमानं ऑनलाइन तबला पाठवला होता. मुलाचा वाढदिवस होता म्हणून खोकं आठवडाभर तसंच ठेवलं, वाढदिवसाला उघडलं. शाईत आरपार चीर. परतीची मुदत संपली होती. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. शेवटी त्या पोरानं गावातल्या तबलेवाल्याकडे तोच तबला नेला आणि नवी पुडी चढवून घेतली. तबल्याचा खरा मुद्दा इथेच आहे. पुडी ही झिजणारी वस्तू आहे. रोज वाजवणाऱ्याची पुडी काही महिन्यांत शाई सोडायला लागते. मग पुडी बदला, वाद्या ओढा, सूर लावा. म्हणजे तबलेवाला हा तुझ्या घरच्या डॉक्टरसारखा माणूस आहे, वरचेवर लागणारा. तबला कुठून घ्यायचा याआधी तो दुरुस्त कोण करणार हे ठरव, आणि शक्यतो त्याच्याकडूनच घे. त्याला आपली पुडी कोणत्या लाकडावर चढवली आहे हे ठाऊक असतं.

एक नाजूक गोष्ट सांगते, रागावू नकोस. काही ठिकाणी क्लासचे शिक्षक आणि दुकान यांच्यात टक्केवारी ठरलेली असते. सगळीकडे नसते, मी ज्यांच्याकडे शिकले त्यांनी कधी चहाही घेतला नाही. पण विचारायला हरकत नाही. ‘गुरुजी, अमुक दुकानातूनच घ्यायचा का, की कुठूनही चालेल?’ असं सरळ विचार. ‘कुठूनही चालेल, घेण्याआधी मला दाखव’ असं म्हणणारा गुरू लाखमोलाचा.

आणि दुकानदाराशी कसं वागायचं तेही. दुकानात तासभर बसून चार पेट्या वाजवून बघायच्या, त्याच्याकडून सगळं शिकून घ्यायचं आणि घरी येऊन हजार रुपये स्वस्त म्हणून ॲपवर मागवायची, हे तू करू नकोस. त्याच्या वेळेचे आणि कानाचे ते पैसे आहेत. भाव जास्त वाटला तर ॲपवरचा भाव मोकळेपणानं दाखव आणि विचार, ‘यात तुम्हाला किती जमेल?’ बहुतेक जण थोडे खाली येतात. किंमत उतरली नाही तर दुसरं माग: पहिल्या वर्षी एकदा सूर फुकट लावून द्या, तबल्याची एक पुडी द्या, चांगली खोळ द्या. पेटी लावून घ्यायची एक खेप मिळाली तर भावातला फरक निम्मा तिथेच वसूल. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. दुपारी आणि रविवारी गर्दी असते, कोणी नीट वाजवूही देत नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर मुळीच नको. तेव्हा ढोलकी, ताशे, झांजा यांच्यातून कोणाला मान वर काढायला फुरसत नसते.

आता तुझ्या बाजूचं सामान. इथे मात्र ऑनलाइनचा फायदा खराच आहे आणि तो घ्यावा. निवड मोठी, भाव तुलनेला समोर, आणि तालुक्याच्या गावात असे इंटरफेस मिळतच नाहीत. गडचिरोलीत बसलेल्या मुलाला आज घरबसल्या चांगला माइक मिळतो, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या काळी साधा मायक्रोफोन बघायला मुंबई गाठावी लागे. पण तीन गोष्टी बघ. पहिली, ॲपवर वस्तूच्या खाली विक्रेता कोण ते लिहिलेलं असतं. तो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का, हे कंपनीच्या साइटवर जाऊन पाहा. तो नसेल तर वॉरंटीचा कागद नुसता कागद. दुसरी, बिलावर जीएसटी क्रमांक आणि नगाचा अनुक्रमांक दोन्ही हवेत. तिसरी, भाव फारच खाली दिसला तर हात आवर. एसएम५८ हा जगात सर्वाधिक नकली बनणाऱ्या माइकांपैकी एक आहे. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ. वजन जुळलं म्हणजे खराच असं नाही, पण बराच हलका भरला तर तो नक्की खोटा.

तू कंडेन्सर माइक निवडला आहेस. तुझ्या फ्लॅटखालून रिक्षा जातात, वरच्या मजल्यावर मिक्सर चालतो. कंडेन्सर ते सगळं ऐकणार, आणि त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही लागतो. साध्या खोलीत तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बरा. तो समोरचं ऐकतो आणि बाकीचं बरंचसं सोडून देतो. वाचलेल्या पैशात जाड पडदे आणि एक बरा स्टँड घे. हेडफोन बंद कपांचे घे, नाहीतर कानातला तानपुरा माइकमध्ये शिरतो.

तुझी आतेबहीण अमेरिकेहून येताना कीबोर्ड आणते म्हणतेय. तिला सांग, अडॅप्टरवर ‘१००–२४०’ लिहिलं आहे का पाहा. नुसतं १२० असेल तर इथे लावताच तो जळेल. आणि तिकडची वॉरंटी सहसा इकडे चालत नाही. तिला उलट इथून तानपुरा न्यायचा असेल तर मला आधी फोन करायला सांग. शिसवी लाकडाच्या तयार वाद्यांना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनातून २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट आहे, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. पण जुन्या वाद्यांच्या घोड्या सांबरशिंगाच्या असत आणि वन्यजीव कायद्यानं त्याचा व्यापार बंद आहे. नवी घोडी कशाची आहे ते बिलावर लिहून घ्यावं. तसंच गोव्याच्या घुमटाचं. जुनी घुमटं घोरपडीच्या कातड्याची असत, आता शेळीच्या कातड्याची करतात आणि तीच घ्यावीत. कोणी ‘अस्सल जुनं’ म्हणून घोरपडीचं विकत असेल तर तो गुन्हा आहे, देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. आणि तिकडच्या थंडीत हीटर चालू असलेल्या कोरड्या खोलीत तानपुरा ठेवला तर सांधे सुटतात. खोलीत ओलावा देणारं यंत्र लावायला सांग.

गिटार तू पुढे घेणारच आहेस. ती कारखान्यातली असली तरी लाकडाची आहे. ऑनलाइन आलेल्या गिटारची तार बहुधा पट्टीपासून उंच असते, बोटं सोलतात आणि नवशिका महिन्याभरात गिटार कोपऱ्यात उभी करतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास जागा हवी. मुंबईत आणि गोव्यात १८६५ पासून चालत आलेलं फुर्टाडोजसारखं दुकान असो की पुण्यातला एखादा कारागीर, पैसे देऊन तिचं सेटअप करून घे. ऑनलाइनची किंमत अधिक सेटअपचा खर्च, असा हिशेब आधीच मांडून मग दुकानातल्या भावाशी ताडून बघ. कित्येकदा फरक उरत नाही.

दूरच्या गावात राहणाऱ्याला कानानं निवडायची सोय नसते, त्यालाही मार्ग आहे. तुझ्या मित्राला, चंद्रपूरच्या, हे सांग. कारागिराला फोन करायचा, पट्टी सांगायची, आणि म्हणायचं: दुकानातला नमुना नको, मला पाठवणार त्याच नगाचा व्हिडिओ पाठवा, एकेक तार वेगळी छेडून, फोन जवळ धरून, मागे पंखा बंद ठेवून. व्हिडिओतल्या नगावर कुठे खूण आहे ते बघून ठेवायचं. तारा उतरवून लाकडी पेटीत बांधून पाठवा म्हणायचं. कापडी खोळीतला तानपुरा ट्रान्सपोर्टनं मागवू नये. माल घेऊन माणूस दारात असतानाच खोकं सगळ्या बाजूंनी पाहायचं, आणि उघडताना सलग व्हिडिओ करायचा. त्याच दिवशी पूर्ण वाजवून बघायचं. परतीची मुदत वाद्य शोभेला ठेवण्यासाठी नसते.

तरी वस्तू खराब निघाली तर गप्प बसू नये. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून आहेत. वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बोलणं फोनवर करू नये, लेखी करावं, आणि बिल, व्हिडिओ, संदेश एका जागी ठेवावेत. त्या वाढदिवसाच्या तबल्याच्या घरच्यांना हे माहीत असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

आज रात्री बारापर्यंत तू माइक आणि स्टँड घेऊन टाक, विक्रेता तपासून. तानपुरा, पेटी आणि तबला कार्टमधून काढ. दोन्ही मुलांच्या शिक्षकांकडून पट्टी कागदावर लिहून घे, आणि पेटीसाठी पोरीला बरोबर घेऊन ये. तिच्या मांडीसमोर पेटी किती उंच येते, भात्यापर्यंत तिचा हात पोचतो का, हे तिच्याशिवाय कळायचं नाही. पावसाळा संपून दिवाळी झाली की ये. तोवर मी इथल्या दोघा कारागिरांना विचारून ठेवते, मुरलेल्या सागवानातली लहान पेटी कोणाकडे तयार आहे.